धुऱ्यावरचा सूर

भोयर सरांकडे मी चार वर्षं पियानो शिकले आणि त्या चार वर्षांत एकही पीस मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग वाजवता आला नाही. बोटांचा दोष होताच, तो मी नाकारत नाही. पण मुख्य कारण वेगळं होतं. माझ्या प्रत्येक पीसमधले दोन-तीन सूर कायम न्यायप्रविष्ट असायचे. निकाल लागेपर्यंत त्या सुरांना हात लावायला मनाई होती, आणि निकालाची घाई सरांनी आयुष्यात कधी केली नाही.

नागपूरला बदली होऊन आले तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते, विमा कंपनीत अधिकारी होते आणि ऑफिसच्या जिन्यावरून पडून उजवं मनगट मोडून घेतलं होतं. प्लास्टर निघाल्यावर रामदासपेठेतल्या फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या, "बोटांना काहीतरी काम द्या. विणकाम करा, पेटी वाजवा, काहीही करा." त्यांच्या दवाखान्यामागच्या गल्लीत एका फाटकावर पत्र्याची पाटी दिसली. 'इंग्रजी-मराठी टायपिंग व पियानो. दोन्ही हात आणावेत.' मी माझे दोन्ही हात घेऊन आत गेले.

सर तेव्हा पासष्टीच्या आसपास होते. कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, उजव्या कानावर लाल पेन्सिल, डाव्या कानावर निळी. लाल म्हणजे उजवा हात, निळी म्हणजे डावा. मागच्या खोलीत टायपिंगची वीसेक यंत्रं जुन्या चादरी पांघरून पडली होती. कॉम्प्युटर आल्यावर इन्स्टिट्यूट बंद पडलं, पण टायपिंग मास्तर काही बंद पडला नव्हता. पियानोवर बसल्या बसल्या सरांनी मला दोन तास टायपिंगची महती सांगितली. त्या विद्येत प्रत्येक अक्षराचं बोट ठरलेलं असतं, कोणी कोणाच्या हद्दीत जात नाही, भांडण नाही, तंटा नाही. पियानोवर मात्र सगळी मोगलाई.

मोगलाई म्हणजे काय ते पहिल्याच महिन्यात कळलं. पियानोवर साधारणपणे उजव्या बाजूचे सूर उजव्या हाताचे, डाव्या बाजूचे डाव्याचे. पण मध्ये काही सूर असे येतात की तिथे दोन्ही हात सारखेच पोचतात, किंवा दोन्ही सारखेच अडचणीत असतात. कागदावर त्याबद्दल काही लिहिलेलं नसतं. जगभर लोक आपल्याला जमेल त्या हाताने तो सूर वाजवतात आणि पुढे जातात. मीही तेच केलं. सरांनी पियानोचं झाकण अर्ध्यावर आणलं. माझी बोटं थोडक्यात वाचली.

"काहून वाजवला वं तो?" सर म्हणाले.

"म्हणजे? लिहिलाय ना इथे."

"लिहिला हाये, पण कोणाच्या नावानं? हा धुऱ्यावरचा सूर हाये."

मला धुरा माहीत नव्हता. सर माझ्याकडे दयेने बघायला लागले. "दोन वावरांच्या मधात जो असते तो धुरा. तुमच्याकडे बांध म्हणतेत. आता धुऱ्यावर बोरीचं झाड असलं, तं बोरं कोणं खायची? याच्यापायी डोके फुटतेत आमच्याकडे. अन् तू आली, बोर तोडलं अन् तोंडात टाकलं."

त्यानंतर त्या सुराची सुनावणी झाली. सुनावणी हा शब्द मी सजवून वापरत नाही, तो सरांचाच. आधी त्यांनी माझ्या उजव्या हाताला विचारलं, "बोल गा, तुयं काय म्हणणं हाये?" मग त्याच्या वतीने स्वतःच उत्तर दिलं की साहेब, माझा अंगठा मोकळा आहे, पण पुढच्याच क्षणी मला वर उडी मारायची आहे. मग डाव्याला विचारलं. डावा म्हणाला, मी जवळ आहे, पण माझ्याकडे आधीच दोन सूर धरलेले आहेत. सरांनी दोघांचं ऐकून घेतलं, निळी पेन्सिल कानावरून काढली, परत ठेवली, लाल काढली, तीही ठेवली. शेवटी साध्या पेनाने त्या सुराभोवती गोल करून म्हणाले, "पुढच्या मंगळवारी."

पुढच्या मंगळवारी कूलरचा पंप बिघडला म्हणून तारीख पडली. त्याच्या पुढच्या मंगळवारी डाव्या हाताने नवा पुरावा सादर केला. मी तो पीस दिवाळीत माझ्या नणंदेकडे वाजवून दाखवला तेव्हा मध्येच खड्डा पडला. नणंद म्हणाली, "इथे काय झालं?" मी म्हणाले, "केस चालू आहे." त्यानंतर तिने मला काही वाजवायचा आग्रह केला नाही.

मी एकदा चिडून म्हणाले की सर, एवढं काय त्यात, सूर वाजल्याशी कारण. ते एकदम गंभीर झाले. "नाही वं. 'वाजेल कोणीतरी' म्हटलं की तो वाजतच नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी." ही म्हण ते दिवसातून चारदा तरी म्हणत. मला वाटायचं सवयीने म्हणत असतील.

हा न्याय पियानोपुरताच असता तर ठीक होतं. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, तक्रार अशी की या घरात वरणात मीठ कोणत्या हाताने टाकायचं याचीही तारीख पडते. मी स्वतः पाहिलेला प्रसंग सांगते. सर एकदा मला स्कूटरवर इतवारीत सोडायला निघाले होते. चौकात स्कूटर बंद पडली. ती ढकलायची कोणी, हे ठरेना. मी म्हणाले मी ढकलते. ते म्हणाले, स्कूटर माझी, पण काम तुझं, तेव्हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे. मागे टेंपो, हातगाड्या, भोंगे. ट्रॅफिकचा हवालदार शिट्टी वाजवत आला. सरांनी त्याला तंट्याचं स्वरूप समजावून सांगायला सुरुवात केली. त्याने निम्मं ऐकलं आणि स्वतःच स्कूटर ढकलत बाजूला नेली. सर मला म्हणाले, "पाह्य, तिसरा माणूस आला, अन् दोघांचा हक्क बुडाला."

परीक्षेची गंमत तर शहरभर झाली, म्हणजे नागपुरात जी पंधरा-वीस माणसं पियानो शिकतात त्यांच्यात झाली. परीक्षक मुंबईहून आले होते. गोड स्वभावाचे गृहस्थ होते. माझ्या पीसमध्ये तिसऱ्या ओळीवर असाच एक सूर होता आणि निकाल राखून ठेवलेला होता. मी तिथे पोचले, दोन्ही हात वर उचलले आणि पुढच्या सुरावर उतरले. परीक्षक म्हणाले, "इथला एक राहिला." मी खरं ते सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अहो, सोयीच्या हाताने वाजवा."

दाराबाहेर सर कान लावून उभे होते. दार उघडलं. "सोयीनं न्याय होत नसते, साहेब," सर म्हणाले. "सोयीनं चोरी होते."

मी त्या परीक्षेत नापास झाले. सर आनंदात होते. म्हणाले, नापास झाली, पण कोणाचा हक्क मारून पास नाही झाली. मला त्यांचा असा राग आला की पुढचे तीन मंगळवार मी गेले नाही. चौथ्या मंगळवारी काकूंचा फोन आला. सर नेहमीच्या वेळी पियानोपाशी येऊन बसतात, माझी वही उघडतात आणि तासभर एकटेच सुनावणी चालवतात म्हणे. मी गेले. काय करणार?

त्या दिवशी सर दूध आणायला गेले होते आणि मी भिंतीवरच्या एका फ्रेमकडे बघत बसले होते. ही फ्रेम मी पहिल्या दिवसापासून बघत होते, पण विचारायचं राहून गेलं होतं. त्यात हाताने लिहिलेलं स्वरलिपीचं एकच पान होतं. पानाची डावी कड शिवणीतून फाडलेली, आणि अगदी त्या कडेवर, शेवटच्या ओळीत, अर्धा सूर. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा, शाईचा गोळा मधोमध कापलेला.

"बाकीचा अर्धा भासऱ्यांकडे हाये," काकू म्हणाल्या. आणि मग त्यांनी मला सगळं सांगितलं.

सरांना, म्हणजे वामनरावांना, एक मोठा भाऊ. श्रीधर, म्हणजे दादा. दोघं मिशनच्या शाळेत शिकले आणि तिथल्या रूथबाईंनी दोघांना एकाच पियानोवर शेजारी बसवून शिकवलं. दादा डावीकडे, सर उजवीकडे, चार हातांचा एकच पीस. पुढे नोकऱ्या-धंदे लागले, लग्नं झाली, तरी रविवारी दोघं बाईंकडे जात. म्हातारपणी बाईंनी त्यांच्यासाठी स्वतः एक पीस रचला आणि वहीत लिहून दिला. डाव्या पानावर दादांचा भाग, उजव्या पानावर सरांचा. शेवटचा एकटा सूर मात्र त्यांनी बरोबर मधल्या शिवणीवर लिहिला. दादांच्या उजव्या हाताशेजारी, सरांच्या डाव्या हाताशेजारी. महिन्याभरात बाई वारल्या. विचारायला कोणी उरलं नाही.

शाळेने बाईंची शोकसभा ठेवली आणि दोघा भावांनी तो पीस वाजवला. काकू हॉलमध्ये पहिल्या रांगेत होत्या. सगळं सुंदर झालं. शेवटी दोघांचे हात थांबले, शांतता झाली, आणि तो शेवटचा सूर आलाच नाही. दोघंही थांबून राहिले. लोकही थांबून राहिले, कारण संपलं की नाही ते कळेना. कोणी टाळी वाजवेना. मिनिटभराने शिपायाने पडदा ओढला.

"घरी येऊन भांडले. हा म्हणे तुया उजव्याचा होता, तो म्हणे तुया डाव्याचा होता," काकू म्हणाल्या. "पण खरं सांगू का तुले? यानं सोडला, कारण दादा मोठा, त्याचा मान. अन् त्यानं सोडला, कारण वामन लहान, त्याले मिळू दे. माह्या जावेनं अन् मी दोघींनं मिळून काढलं हे. पण ते एकमेकाले सांगतीन तं ना."

हे ऐकून मला हसावं की रडावं कळेना. मी हसले, आणि मग त्या फ्रेमकडे पुन्हा पाहिलं. दोन माणसांनी एकमेकांना मान दिला आणि त्यापायी तीस वर्षं अबोला धरला. शेताची वाटणी त्याच वर्षी झाली. तीन एकर जमीन चहा संपायच्या आत वाटली गेली, कोणी चकार शब्द काढला नाही. वहीवरून मात्र दोन दिवस वाद झाला आणि शेवटी ती शिवणीतून फाडली. दोघांनी मिळून घेतलेल्या पियानोचंही तेच. पियानो सरांकडे, त्याचं फिरतं स्टूल दादांकडे. इतवारीत दादांचं शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तिथे गल्ल्यावर ते त्या स्टुलावर बसत. सर पियानोपुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर दोन उशा घालून बसत. दोघी जावा रोज फोनवर बोलत, लोणची इकडून तिकडे जात, आणि दोघे भाऊ दोन्हीकडचं लोणचं मुकाट्याने खात.

तेव्हा मला उमगलं की माझ्या वहीतल्या प्रत्येक सुनावणीत सर कोणाची केस चालवत होते. माझा राग ओसरला. त्रास मात्र तेवढाच राहिला.

दादांना अर्धांगाचा झटका आला तो माझ्या चौथ्या वर्षी, ऐन मे महिन्यात. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. 'हो', 'नको' आणि एक शिवी, एवढेच शब्द राहिले. दवाखान्यातून सुटल्यावर त्यांना रोज फिजिओथेरपीला आणायचं होतं, आणि ती माझ्याच बाईंकडे, म्हणजे सरांच्या घराच्या पुढच्या गल्लीत. दादांच्या महाल भागातल्या घरून एवढ्या उन्हात आणून लगेच परत कसं न्यायचं? दोघी जावांनी नवऱ्यांना न विचारता ठरवलं की उपचार झाल्यावर दादा दुपारभर इथेच थांबतील. पहिल्या दिवशी दादांची चाकाची खुर्ची पुढच्या खोलीत आली तेव्हा मी तिथेच होते. सर उठून उभे राहिले. दादांनी पियानोकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं नाही.

फिजिओथेरपीच्या बाईंनी त्यांनाही तेच सांगितलं होतं जे मला सांगितलं. बोटांना काम द्या. आठवड्याभरात सरांनी खुर्ची पियानोच्या डाव्या अंगाला नेऊन लावली. स्वतः उजवीकडे बसले आणि रूथबाईंचा पीस सुरू केला. दादा दोन ओळी ऐकत राहिले. मग त्यांचा डावा हात आपसूक वर आला आणि खालचे सूर धरू लागला. उजव्या हाताचे सूर कुठेच नव्हते, पण पीस चालला. शेवटाशी आल्यावर सर थांबले. डावा हात मांडीखाली दाबून धरला आणि वाट बघत बसले.

दादांचा उजवा हात मांडीवर पडून होता. तो हलला नाही. दहा मिनिटं गेली. सरांनी झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. जून अर्धा संपला तरी तेच. मोठ्या काकू, म्हणजे दादांची बायको, पदर डोळ्याला लावून म्हणाल्या, "भाऊजी, वाजवून टाका ना एकदाचा. तुमच्या डाव्याले काय झालं?" सर ढिम्म. मला त्यांचा भयंकर संताप आला. माणूस लुळा होऊन पुढ्यात बसलाय आणि यांना अजून खटला जिंकायचाय. मी त्यांना अंगणात गाठलं आणि तोंडावर तसंच म्हणाले. चार वर्षांत पहिल्यांदाच आवाज चढवला.

सर फाटकाची कडी उघडबंद करत राहिले. मग म्हणाले, "मी वाजवला तं त्याचा अर्थ काय होते, समजते का तुले? की दादाचा उजवा हात गेला. मी कसा म्हणू वं तसं? तीस वर्ष म्हणून राहिलो, सूर त्याच्या उजव्याचा हाये म्हणून. आता कसा बदलू?"

त्यांच्या कानावरची निळी पेन्सिल खाली पडली होती, ती उचलून त्यांच्या हातात दिली.

जुलैत माझी कोल्हापूरला बदली झाली. सामान गेलं होतं, संध्याकाळची गाडी होती. दुपारी निरोप घ्यायला सरांकडे गेले. पाऊस नुकताच थांबला होता, दार उघडं होतं. आत पीस चालू होता म्हणून मी ओसरीतच चप्पल न काढता उभी राहिले. शेवट आला. सरांनी हात मांडीखाली घेतला.

दादांचा उजवा हात या वेळी हलला. पट्ट्यांच्या कडेपर्यंत चढला, थरथरला आणि घसरून खाली आला. पुन्हा चढला, पुन्हा घसरला. दादांनी मान वळवली आणि भावाकडे रोखून पाहिलं. त्या नजरेत सगळी ताकद होती. सर हलले नाहीत. तेव्हा दादांनी त्यांची ती एकमेव शिवी हासडली, डावा हात उचलला, आपल्याच लुळ्या हातावरून पलीकडे नेला आणि तो सूर वाजवला.

खणखणीत वाजला. तीस वर्षं ज्या दोन हातांत वाद होता, त्यांतला एकही हात तो नव्हता. हा तिसरा हात कोणाच्याच डोक्यात आला नव्हता.

"वाज... ला नं गा?" दादा म्हणाले. झटक्यानंतर 'हो', 'नको' आणि त्या शिवीपलीकडचे त्यांचे हे पहिलेच शब्द.

स्वयंपाकघरात भांडं ठेवल्याचा आवाज आला आणि दोघी जावा दारात येऊन उभ्या राहिल्या. सरांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. बराच वेळ पुसत होते.

"वाजला, दादा," ते म्हणाले. "पण हात चुकला. पुन्हा घ्या."

दादांच्या चेहऱ्याची अर्धी बाजू हसली. सरांनी पहिल्या सुरावर बोटं ठेवली. दादांनी डाव्या हाताने आपला उजवा हात मनगटाशी धरला, उचलला आणि पट्ट्यांवर नेऊन ठेवला. मला आत जाऊन निरोप घ्यायचा होता, पण गेले नाही. फाटक आवाज न करता लावून घेतलं आणि निघाले.